कवठाच्या भरवशावर

लंडन (राणीचं नव्हे, कॅनडातलं)
फेब्रुवारी २००९

प्रिय पद्माताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा सप्रेम जय भीम. गुडघे कुरकुरत असले तरी चालत राहा, आणि भाऊजींना माझा नमस्कार सांग. इकडे सगळे मजेत. दारातला बर्फ तुझी भावजय कल्याणी शोव्हल करते आणि मी खिडकीतून देखरेख करतो.

माझ्या घशाच्या रेडिएशनची काळजी करू नकोस. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवून मला टेबलावर आडवं जखडतात. यंत्र गुणगुणत भोवती फिरतं आणि मी कुठल्या कुठे जातो. परवा थेट नागपूरच्या अंगणात पोचलो. आई गूळ चिरत होती आणि तू पायरीवर कवठ आपटत होतीस. फुटणार, एवढ्यात "ऑल डन, हर्ष" म्हणून मला परत आणलं (मी थोडा रागावलोच).

तर गोष्ट त्या कवठाचीच. घशातली गाठ जाळताना शेजारच्या धडधाकट मांसाला किती झळ लागते, हे इथली डॉक्टरमंडळी मोजतात. त्या अभ्यासात मी नाव दिलंय. दर गुरुवारी मिशेल नावाची मुलगी हातात नळी देते. मान खाली घालून, काही न गिळता, लाळ आपोआप नळीत ओघळू द्यायची. मग ती नळीचं वजन करते. त्यावरून लाळेच्या ग्रंथी किती शाबूत आहेत ते कळतं. आता वजन होणार म्हटल्यावर ही परीक्षाच झाली, आणि बाबांनी आपल्याला तयारीशिवाय परीक्षेला कधी पाठवलं का? मी डोळे मिटले आणि तुझी कवठाची चटणी आठवली: आंबट गर, गूळ, तिखट, पाट्याचा ओला वास. नळी अशी भरली की मिशेल हरखून म्हणाली, "युअर ग्लँड्स आर डूइंग ग्रेट." मी विनयाने मान खाली घातली (तशीही खालीच होती).

घरी पराक्रम सांगितला, तर ऊर्मी म्हणते, "बाबा, दॅट्स चीटिंग. यू कान्ट टॉप अ स्पिट टेस्ट." तुझी भाची इथे वाढली, तिला पहिल्या नंबराचं महत्त्व काय कळणार. तरी मी मिशेलला सगळं सांगून टाकलं. तिने कवठाचं स्पेलिंग विचारून घेतलं आणि नळी हातात असताना खाण्याचं काही मनात आणू नका, असं बजावलं. तेव्हापासून मी फक्त बर्फ आठवतो.

तुझा,
हर्षवर्धन

ता. क. बर्फाचं खोटं आहे. या गुरुवारी मी मुद्दाम कवठच आठवलं. चटणी दिसली, पाटा दिसला, तुझ्या बांगड्याही वाजल्या. नळी कोरडीच राहिली. मिशेलने ते नोंदवलं आणि बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिली. ग्रंथी हळूहळू सावरतात, कधी वर्षही लागतं, म्हणाली. ताई, मी घाबरलोय.

आ. ता. क. कवठ पाठवू नकोस. विमानतळावर काढून घेतील, आणि सध्या मला सगळं कागदासारखंच लागतं. चटणी कशी करतेस ते मात्र सविस्तर लिही, पायरीवर आपटण्यापासून. चव आठवेनाशी होतेय. ग्रंथी परत आल्या तर त्यांना सांगायला माझ्याजवळ काहीतरी असू दे.