हिरवी भोजली

३० जुलै, बुधवार

अकरा वर्षांनी अभनपूरहून फोन! तिचा नाही — तिच्या पोराचा, सुशीलचा. आईले दाई म्हणतो तो. "मौसी, दाई को लकवा मार दिया है। जुबान बंद है। इस बार आप भोजली लेके आ जाओ न।"

वा रे वा! माझा नवरा गेला तेव्हा हिले यायले सवड नव्हती. आता मी हिच्यासाठी भोजली पेरू!

शारदा. घे, लिहूनच टाकते नाव. नवव्या वर्षी आमच्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या तलावावर आम्ही भोजली बदलली होती. गव्हाची पिवळी रोपं तिनं माझ्या कानामागं खोवली, मी तिच्या. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, जन्मभर "भोजली"च म्हणायचं. सख्ख्या बहिणीच्या वरचं नातं, असं इथले छत्तीसगढी लोक मानतात. मी मराठी घरातली पोट्टी, पण मीही मानलं. कोणापेक्षाही जास्त मानलं.

यांच्या तेराव्यापर्यंत रोज वाट पाहिली. आली नाही. फोन नाही, निरोप नाही. पुढं सुशीलच्या लग्नाची पत्रिका आली, ती मी उघडलीसुद्धा नाही. घरात तिचा विषयच बंद केला.

३१ जुलै

गहू भिजत घातले. काहून घातले, मलेच माहीत नाही.

१ ऑगस्ट

गोल बाजारातून टुकनी आणली, बांबूची टोपली. पण माती? चौथ्या माळ्यावर माती कुठून आणू! शेवटी सुनेकडं हात पसरला. श्रावणीजवळ नर्सरीतल्या मातीची पिशवी असते. स्वयंपाकघरात ऊन येत नाही, म्हणून बाईसाहेब कपांत पुदिना लावतात अन् त्याच्यावर गुलाबी दिवा लावून ठेवतात. पुदिन्याचे लाड! सासूच्या खोलीतली ट्यूब महिना झाला बंद आहे.

टुकनी सामानाच्या खोलीत ठेवली, गाद्यांच्या मागं, वरून पोतं. भोजलीले उजेड दाखवायचा नसतो. अंधारात ती पिवळी अन् मऊ वाढते. जितकी पिवळी, तितकं नातं चांगलं राहते म्हणतात. आमची तेव्हा हळदीसारखी पिवळी आली होती. काय कामाची!

४ ऑगस्ट

हळदीचं पाणी शिंपडलं. बोटभर झाली. पिवळी धमक! पाहून जीव गार झाला. लगेच स्वतःचाच राग आला. एवढ्यात विसरली का तू?

७ ऑगस्ट

सत्यानाश!

काल दिवसभर दुर्गले जावेकडं होती. आज पोतं उचललं तर टुकनी गायब. स्वयंपाकघरात जाऊन पाहते तर काय — गुलाबी दिव्याखाली, पुदिन्याच्या शेजारी! हिरवीगार!

"मम्मीजी, बेचारे पीले पड़ गए थे। लाइट ही नहीं मिल रही थी न, तो मैंने यहाँ रख दिए।"

बेचारे म्हणे! मी इतकी ओरडली की शेजारची बाई दारात आली. श्रावणी रडाले लागली. भार्गव ऑफिसातून आला अन् त्यानं आणखी तेल ओतलं — "माँ, घास ही तो है।"

घास! माझा मुलगा आहे हा! मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत, अन् तेही असं.

८ ऑगस्ट

नाही जात. बरंच झालं.

९ ऑगस्ट, राखी

सकाळी पाहते तर श्रावणीनं टुकनी परत गाद्यांच्या मागं ठेवलेली, वर स्वतःची ओढणी दुहेरी करून. "फिर से पीले हो जाएँगे न, मम्मीजी?"

एका दिवसात! हसू आलं, पण तिले दाखवलं नाही.

हिरवी तर हिरवी. जाते उद्या. भोजलीसाठी नाही — एकदा तोंडावर विचारायचं आहे म्हणून.

१० ऑगस्ट, रविवार

बसनं गेली. टुकनी मांडीवर. समोरची छत्तीसगढी म्हातारी टुकनीकडं पाहून म्हणते, "भोजली हरियर होगे, बहिनी?" हव, झाली हिरवी! तुमच्या पोटात काहून दुखते?

शारदा खाटेवर. अर्धा चेहरा ओघळलेला. मले पाहिलं अन् डोळ्यांतून धारा. सुशीलले चहा कराले पाठवलं अन् मी सुरू झाली. काहून नाही आलीस? मी मेली असती तरी आली नसतीस का? तुझ्या बाळंतपणात मी महिनाभर राहिली इथं, विसरलीस? तासभर बोलली. सुशील दारात कप घेऊन उभाच राहिला. त्यालेही विचारलं. तो तेव्हा पुण्याले नोकरीवर होता, त्याले काही माहीत नाही.

तिनं डाव्या हातानं टुकनीतली चार रोपं उपटली. हिरवी आहेत का पिवळी, पाहिलंही नाही. हात माझ्या कानाकडं उचलला. पोचेना. मी थोडी वाकली असती तर पोचला असता.

नाही वाकली.

इतकं बोलून मन हलकं होईल वाटलं होतं. झालं नाही.

११ ऑगस्ट

जेवताना भार्गवले सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव काढलं. त्याचा घास हातातच राहिला.

"मौसी तो तीसरे ही दिन आई थीं, माँ। आपने कहा था न, किसी को अंदर मत आने देना। मैंने गेट से ही लौटा दिया। बहुत देर बाहर खड़ी थीं।"

म्हटलं होतं मी. आतून कडी लावून पडली होती अन् म्हटलं होतं — कोणीच नको.

अन् काल त्या मुक्या बाईले तासभर बोलून आली.