सर्वांत चांगली लेन्स

पंचवटी, नाशिक
१० नोव्हेंबर २०२५

ती. गं. भा. सुधावहिनींस,
वेणीमाधवचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण इलाज नाही. फोनवर तुम्ही मला ब्लॉक करून ठेवलं आहे, आणि तनयकडे निरोप दिला तर तो सांगतो, आई म्हणते काय ते लिहून पाठवा. म्हणून लिहितो आहे.

दादाच्या दहाव्याला रामकुंडावर तुम्ही मागे उभ्याच होतात. पिंड मांडला आणि कावळे नुसते घिरट्या घालत राहिले. तनयनं हात जोडून सांगितलं, की आईला अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी मी पुढे झालो, हातात पाणी घेतलं आणि म्हणालो, की दादा, वहिनींना पक्ष्यांच्या फोटोंसाठी सर्वांत चांगली लेन्स मी घेऊन देतो. पाणी सोडतो न सोडतो तोच कावळा पिंडाला शिवला. जन्मभर घाटावर दुसऱ्यांचे संकल्प सांगत आलो, तेव्हा स्वतःचा मोडता यायचा नाही. तुमचं-माझं पटत नाही, ही गोष्ट वेगळी.

चौकशी करून ठरवलं आहे. दोनशे ते सहाशे मिलिमीटरची मोठी झूम घ्यायची. तळ्याच्या पलीकडचं बदक पिसा-पिसासकट हातात आल्यासारखं दिसतं. वजनाला जड आहे, पण चांगली वस्तू जड असतेच. कॅमेऱ्यातल्या मला तुमच्यापेक्षा चार गोष्टी जास्त कळतात, त्यामुळे यात वाद नको. होकार कळवा, की लगेच घेतो.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

वेणीमाधव

*

सिन्नर
१५ नोव्हेंबर २०२५

चि. वेणीमाधव भावजींस,
अ. उ. आ. वि. वि.

पहिली गोष्ट. माझ्या नावामागे पुन्हा गं. भा. लावलंत तर पाकीट न फोडता परत येईल. मी सुधा आहे. लग्नाआधी होते, लग्नानंतर होते, आताही आहे.

दुसरी गोष्ट. दहाव्याला मुलगा आईला सांभाळीन म्हणाला तेव्हा कावळा हलला नाही आणि लेन्स म्हटल्याबरोबर खाली उतरला. माझा नवरा मला किती ओळखून होता ते सगळ्या घाटानं पाहिलं. त्यामुळे लेन्स मी घेणार, त्यात संकोच नाही. पण कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवणारे कोण?

अकरा वर्षांपूर्वी तुमच्या फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात माझ्या खंड्या पक्ष्याच्या फोटोसमोर उभं राहून चार लोकांत तुम्ही म्हणालात, की काढला दादानं आणि नाव लावलं वहिनीचं. हसले होते सगळे. ह्यांनी जन्मात कधी शटर दाबलं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. हे माझी बॅग आणि तिपाई घेऊन मागे चालायचे, एवढंच. तेव्हा कॅमेऱ्यातलं तुम्हाला काय कळतं ते माझ्यापुढे नका सांगू.

मला शंभर ते चारशेची हलकी झूम हवी आहे. कॅमेऱ्यासकट खांद्याच्या पिशवीत मावते. तिपाई लागत नाही. मी जीपनं नांदूर-मध्यमेश्वरच्या तळ्यावर जाते, तिथून बांधावर चालते, आणि आता माझ्या मागे ओझं घेऊन चालणारं कोणी नाही. हे तुमच्या डोक्यात कसं आलं नाही याचं नवल वाटतं.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवायची तसदी घेऊ नका.

सुधा

*

पंचवटी, नाशिक
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सुधावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जिभेला धार तशीच आहे, हे वाचून प्रकृती उत्तम असल्याचं समजलं.

तुम्हाला वाटतं मी हट्ट करतो. मी अडकलो आहे, वहिनी. पाणी सोडताना माझ्या तोंडून नुसतं चांगली निघालं असतं तर हलकी घेऊन मोकळा झालो असतो. मी सर्वांत चांगली म्हणालो. घाटावरच्या कोणालाही विचारा, उच्चारलं ते उच्चारलं. आता दुय्यम वस्तू दिली तर दादाला काय तोंड दाखवू?

आणि दुय्यम आहे म्हणतो ते उगाच नाही. दोन्ही लेन्स दुकानातून भाड्यानं आणल्या. गच्चीच्या भिंतीला पंचांगाचं पान चिकटवलं, तिपाई लावली आणि समोरच्या टोकावरून दोन्हींनी फोटो काढले. मोठीत तिथीवरचा अनुस्वारसुद्धा वाचता येतो. हलकीत मधला भाग ठीक, पण कोपऱ्यातली नक्षत्रं पुसट होतात. हा पुरावा आहे, माझं मत नव्हे.

तरी तुमचा विश्वास बसायचा नाही. म्हणून परवा दोन्ही लेन्स सिन्नरला आणून तुमच्या शेजारच्या मोहिनीताईंकडे ठेवून जाईन. स्वतः वापरून बघा. मी आत येणार नाही, तेव्हा चहाचं आधण ठेवू नका.

राग असावा, पण उत्तर यावं.

वेणीमाधव

*

सिन्नर
२९ नोव्हेंबर २०२५

चि. वेणीमाधव भावजींस,
अ. उ. आ.

आधण ठेवलंच नव्हतं.

पंचांग भिंतीवरून उडून जात नाही, भावजी. पक्षी जातो. तुम्ही फोटो काढलेत ते लग्नमुंजीत उभ्या केलेल्या माणसांचे, म्हणून तुम्हाला हा फरक माहीत नाही.

परवा दोन्ही लेन्स घेऊन तळ्यावर गेले. मोठी कॅमेऱ्याला लावली आणि बांधावरून निघाले. अर्ध्या वाटेत उजवा खांदा बोलायला लागला. पाण्यात शेकाट्या पक्षी उभे होते, ते लांब लाल पाय तुम्हाला कधी दिसले असतील तर. लेन्स उचलली, हात थरथरायला लागले. चार-पाच फोटो काढले आणि खाली ठेवली. तेवढ्यात चक्रवाकांचा थवा डोक्यावरून गेला. पुन्हा उचलून डोळ्याला लावेपर्यंत थवा पलीकडच्या शेतात उतरला होता. घरी येऊन बघते तर शेकाट्याला दोनऐवजी चार पाय असल्यासारखे दिसत होते. भिंतीवर कितीही धारदार असली तरी माझ्या हातात ती बोथट आहे.

खोटं बोलत नाही. तिथल्या पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या कठड्यावर टेकवून काढले, तेव्हा मोठीच सरस ठरली. पण पक्षी कठड्यासमोर येऊन बसत नाहीत.

हलकी लावली आणि बांधाच्या टोकापर्यंत चालत गेले. किती दिवसांनी गेले म्हणून सांगू? हे गेल्यावर पहिल्यांदाच. हळदीकुंकू बदकांची जोडी पाण्यातून उठताना मिळाली, पंखावरून गळणारे थेंब मोजता येतील इतकी स्वच्छ. तिथेच मातीत बसून रडले आणि मग आणखी फोटो काढले.

शब्द तुमचा आहे, पण खांदा माझा आहे. तुमच्या शब्दापायी मला घरात बसवू नका. दोन्ही लेन्स मोहिनीताईंकडे आहेत, घेऊन जा.

सुधा

*

पंचवटी, नाशिक
३ डिसेंबर २०२५

ती. सुधावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहितो, कारण जास्त लिहिलं तर आपण पुन्हा भांडू.

मोठीच घ्या. ती मी वाहीन. दर रविवारी सकाळी नाशिकहून येईन. बॅग माझ्या खांद्यावर, तिपाईही माझ्याच. तुम्ही पुढे चाला, बोलू नका, मीही बोलणार नाही. फोटो तुमचे, नावही तुमचं. उपकार म्हणून म्हणत नाही. घाटावर दिवसभर माणसं असतात, पण रविवारी संध्याकाळी दादाचा फोन यायचा, आज काय काय दिसलं ते सांगायला. तुमचं-माझं बिनसलं तरी तो फोन कधी चुकला नाही. आता रविवारी काय करावं ते मला कळत नाही.

यात शब्दही राहील आणि तुमचं तळंही सुटणार नाही. विचार करा. नाही म्हणायचं असेल तर सावकाश म्हणा.

वेणीमाधव

*

सिन्नर
१० डिसेंबर २०२५

चि. वेणीमाधव भावजींस,
अनेक आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे सावकाश नाही म्हणते आहे. आठवडा घेतला.

तुम्ही मनापासून लिहिलंत हे कळलं, म्हणूनच राग जास्त आला. तुमच्यावर रागावणं मला सोपं जात होतं, तेही तुम्ही अवघड करून ठेवलंत.

तुमच्या शब्दाचं माझ्यापुरतं सांगते. ज्यांना शब्द दिलात त्यांना लेन्समधलं काही कळत नव्हतं. कोपरे आणि मध्य हा फरक त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांना एवढंच कळायचं, की सुधा तळ्यावरून परत आली की जेवते आणि घरी बसून राहिली की जेवत नाही. त्यांच्या हिशेबात सर्वांत चांगली लेन्स कुठली, हे तुमच्या पंचांगापेक्षा मला जास्त माहीत आहे. तुमचं पाणी वाया गेलेलं नाही. हलकी घ्या आणि मोकळे व्हा. पैसे तुम्हीच द्या, त्यात मी मध्ये येणार नाही.

आता रविवारचं. बांधावर चालताना मी कधी मागे वळून बघत नसे, कारण पक्षी समोर असतात. पण इतकी वर्षं माझ्या मागे एक चाल होती. डावा पाय किंचित ओढत, मध्येच थांबून खोकत, मी थांबले की थांबणारी. ती ऐकल्याशिवाय मला लेन्स स्थिर धरताच येत नसे. त्या दिवशी हलकी घेऊन गेले तेव्हा मागे काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं मला सहन झालं. पण तिथे दुसरी कुठली पावलं वाजली, मग ती त्यांच्या सख्ख्या भावाची का असेनात, तर मला ते सहन होणार नाही. मी मागे वळून बघेन आणि तुम्ही दिसाल.

म्हणून वर्षश्राद्धाला घरी या, पोटभर जेवा. तळ्यावर येऊ नका.

सुधा