लाल ठिपक्याखालचे दोन स्क्रू

एल ताम्बोराल, मंगळवार

प्रिय फुल्विओदादा,

फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस, मी पावसाचं आणि मासळीचं सांगत बसते, आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून आज कागद घेतला. आईच्या घरामागचं बोरोखोचं झाड यंदा फळांनी लगडलंय. सेलेदोनिओकाकांनी होडीला निळा रंग दिला, आणि निम्मा स्वतःच्या पायांना. काली शहरात तुला समुद्राचा वाराही मिळत नसेल, असं रोज मनात येतं.

गेल्या ऑगस्टपासून जनरेटरघरात तुझ्या खुर्चीवर मी बसते, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दुपारी चारला इंजिन सुरू करते, दहाला बंद. लोक तुला छळायचे तसंच मला छळतात. परवा काका दारातून ओरडले, "ए जनरेटरबाई, माझा पंखा म्हातारा झालाय की तुझं मशीन?" मी म्हटलं, "दोघंही तरुण आहेत काका, तुम्हीच काय ते बघा." ते हसत गेले. हसले की मला बरं वाटतं, आणि लगेच वाटतं, तुझ्याशी हे असे का नाही हसले शेवटी?

आल्टर्नेटरच्या डब्यात तळहाताएवढा तो रेग्युलेटर आहे ना, त्याच्याशी माझी आता मैत्री झालीय. तू मला समजावलं होतंस, मी तेव्हा बर्फघर सांभाळायचे आणि ऐकल्यासारखं करायचे. इंजिन दमलं, फेरे कमी झाले, की हा पठ्ठ्या आपणहून व्होल्टेज उतरवतो. नाहीतर आतली कॉइल तापून जळेल. कॉइलमध्ये जास्त करंट जायला लागला की तोही आवरतो. दोन्ही वेळी त्याचा हिरवा दिवा घाईघाईने लुकलुकतो, तोच अलार्म. गावाला मात्र एवढंच दिसतं की बल्ब मंद झाले. "लोक त्याला शिव्या देतात," तू म्हणायचास, "आणि तो त्यांचंच मशीन वाचवत असतो."

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी आल्टर्नेटर जळला, त्याला येत्या आठवड्यात पाच वर्षं होतील. तो वास अजून माझ्या नाकात आहे. सात महिने गाव मेणबत्त्यांवर होतं. दवाखान्यातल्या लसी होडीने परत पाठवल्या. तपासनीस आला, त्याने रेग्युलेटर बघितला आणि सांगितलं की स्क्रूंवरचं कंपनीचं सील, तो लाल रंगाचा ठिपका, शाबूत आहे, म्हणजे कुणी हात लावलेला नाही, म्हणजे अलार्म आलेला असणारच. ऑपरेटरनेच बघितला नाही. तू शंभरदा सांगितलंस, दिवा एकदाही घाईने लुकलुकला नाही. "डोळे मिटून बसलास तर कसा दिसेल?" असं काकाच सभेत म्हणाले होते, आणि सगळी सभा हसली होती. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी तू माझ्या स्वयंपाकघरात आलास. विचारलंस, "नूबिया, तुला तरी पटतंय ना मी खरं बोलतोय ते?" मी म्हटलं, "आधी जेव, मासा गार होतोय." तू जेवलास. पुढच्या भरतीला निघून गेलास.

गेल्या आठवड्यात बुएनाव्हेन्तुराहून मारित्सा नावाची इंजिनियर आली होती, आम्हाला शिकवायला. गावच्या वीज कमिटीचे दोघं आणि काकाही बघायला आले होते. शिकवायला एखादा जुना रेग्युलेटर आहे का, म्हणाली. जळालेल्या आल्टर्नेटरमधला तो रेग्युलेटर मी बिस्किटांच्या डब्यातून काढून दिला. तिने त्याला संगणक जोडला आणि आकडे दोनदा तपासले. मग म्हणाली, "याचे फेऱ्यांचे आणि करंटचे दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेत. म्हणजे याने कधी व्होल्टेज उतरवलं नसतं आणि अलार्मही दिला नसता. मुकंच करून ठेवलंय बिचाऱ्याला." मग नखाने सील खरवडलं, आणि हसायला लागली. "हे कंपनीचं सील नाही. हे नेलपॉलिश आहे!"

क्षणभर मला वाटलं, आता सगळे म्हणतील, फुल्विओ खरं बोलत होता. पण काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा! तरी म्हणत होतो. असेल त्याची कुणी मैत्रीण, आत नखं रंगवत बसलेली, आणि हा साहेब स्क्रूंशी खेळतोय!" सगळे हसले. मारित्साने वहीत लिहून घेतलं. रविवारच्या सभेत तिचा अहवाल वाचणार आहेत.

दादा, तो रंग माझा होता.

आल्टर्नेटर जळला त्याच्या आधीच्या शुक्रवारी तू धक्क्यावर डिझेलची पिंपं उतरवून घेत होतास. पवित्र सप्ताहाच्या मासळीसाठी आठ होड्या बर्फाची वाट बघत उभ्या होत्या, आणि व्होल्टेज उतरलं की माझं बर्फाचं मशीन बंद पडायचं. इंजिन सुरू झाल्यापासून चार वेळा पडलं होतं. कोळी दारात शिव्या घालत होते. तू स्क्रू कोणते हे मला दाखवलं होतंस, हात लावू नको म्हणूनच दाखवलं होतंस. मी सुरीच्या टोकाने सील काढलं आणि दोन्ही स्क्रू फिरतील तेवढे फिरवले. व्होल्टेज ताठ उभं राहिलं. सोमवारी पूर्ववत करू, असं ठरवलं आणि वर माझ्या बाटलीतला लाल ठिपका ठेवला, तुला ओरडायला कारण नको म्हणून. इतकं साधं होतं ते. बर्फ सुरेख झाला. सोमवार आलाच नाही.

पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू शहरात रमलास, की बोलून आता काय मिळणार. खुर्चीवर बसल्यापासून ते जमेनासं झालं. दिवा घाईने लुकलुकतो तेव्हा मी उठून गावाची एकेक लाइन बंद करून इंजिनावरचा भार कमी करते, आणि मला कळतं की त्या रविवारी तूही असाच उठला असतास. मी तुला उठूच दिलं नाही.

रविवारी सभेत अहवाल वाचून झाला की मी उभी राहणार आहे. काका काय म्हणतील, ही नोकरी राहील की नाही, माहीत नाही. तू परत ये असं मी लिहीत नाही. तो हक्क मला नाही. पण पुन्हा एकदा सगळ्या गावाने तुझ्याविषयी काही ऐकावं आणि तुला ते शेवटी कळावं, हे मला नको होतं. उद्या सकाळच्या होडीने हे पत्र निघेल, शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. गावाच्या दोन दिवस आधी.

जिला तू खरं विचारलंस आणि जिने ताट पुढे केलं, ती तुझीच बहीण,
नूबिया