हंगामापुरतं भाडं

६ एप्रिल, सोमवार
अंजनाबाईंनी हाकललं नाही! उलट चहा दिला! वर्सोव्याला जेट्टीजवळ त्यांची शेड आहे, तीन बोटी, हॉटेलांना मासळी पुरवतात. लॅपटॉप उघडून आमचं अख्खं सॉफ्टवेअर दाखवलं — ऑर्डरी, बिलं, मालसाठा, हजेरी, पगार. वीस मिनिटं माझी टकळी चालू. त्या आपल्या पापलेटांवर बर्फ टाकतायत. शेवटी म्हणाल्या, "पोरी, ऑर्डरींचं तेवढं दे. सगळी टोपली कोण घेतं? वाटाच घेतात ना?"

खरंच की! हे आमच्या ऑफिसात कुणाला सुचलं नव्हतं.

९ एप्रिल
श्यामसुंदर सर भडकले. "तुकडे तोडून विकायला हे काय फरसाण आहे?" पंधरा वर्षं पूर्ण पॅकेज विकलंय त्यांनी, एकरकमी. पण आता घेतो कोण ते? लोकांना एकच भाग हवा, तोही महिन्याच्या भाड्याने. पटलं तर पुढचा. जोगेश्वरीच्या त्या ऑफिसात बसून हे दिसत नाही. मिहिर — सगळं कोडिंग त्याचंच — हळूच म्हणाला, "सर, भाग सुटे होतील. आठवडा द्या." मिहिरला माझ्यातर्फे दोन मिसळी!

१८ एप्रिल
सही करताना अंजनाबाई अडल्या. "जून-जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला, नि भाडं कसलं भरू मी?"

तोंडातून निघून गेलं — बंदीत बटण दाबा, भाडं थांबेल. हंगाम आला की परत दाबा, सगळं जिथल्या तिथे!

सही झाली. असं बटण नव्हतंच. रिक्षातून मिहिरला फोन. "आधी विकतेस, मग विचारतेस?" हो! यार, काय मजा आली!

२७ एप्रिल
बटण झकास चालतंय. अंजनाबाईंचा भाचा सुशांत घाटकोपरला कूलर भाड्याने देतो, त्याने घेतलं. त्याने धवलकडे पाठवलं — बोरीवलीत हापूसच्या पेट्या, घरपोच. धवलने बर्फाच्या गोळेवाल्याकडे. मी नुसती "हंगाम नसेल तर भाडं नाही" म्हणते, की माणूस खुर्ची पुढे ओढतो. गेल्या सहा महिन्यांत एक गिऱ्हाईक नव्हतं!

५ मे
सात झाले. आज मुलुंडचा पोहण्याच्या क्लासवाला आणि गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करणारे नाना. दोघांना जेवायला फुरसत नाही, ऑर्डरींवर ऑर्डरी! धंदा असा हवा. सर चक्क हसले. दात दिसले.

७ मे
सरांनी पगारवाढ देऊ केली. मी म्हटलं, वाढ नको, पगारही नको — माझ्या गिऱ्हाइकांच्या भाड्यातला चौथा हिस्सा द्या. सरांनी लगेच लिहून दिलं!

आई चिडली. "बांधलेला पगार सोडलास? रेवती, घर तुझ्या पगारावर चालतं." तिला काय सांगू? दर आठवड्याला नवं गिऱ्हाईक येतंय गं. ही गणितं तिच्या बँकेतल्या नोकरीत नव्हती. जरा धाकधूक आहे, पण आनंद जास्त आहे. घाबरून बसायचं तर सेल्समध्ये कशाला यायचं?

१४ मे
बाहेरून इमारती रंगवणारा कंत्राटदार. नऊ!! मिहिर म्हणाला, "तू आता वाळवंटातही वाळू विकशील." मिसळीची उधारी वाढत चाललीये.

३० मे
अकरा! आईसाठी नवा मिक्सर बघून ठेवला.

१ जून, सोमवार
सकाळी सगळ्यात आधी अंजनाबाईंनी बटण दाबलं. ते ठरलेलंच होतं. मग सुशांत. धवल. गोळेवाला, पोहणेवाला, नाना, रंगवाला... दुपारपर्यंत अकराच्या अकरा बंद. एकाचाही धंदा पावसाळ्यात चालत नाही, आणि हे मी एकदाही मोजलं नव्हतं. हसू येतंय, आणि रडूही. अंजनाबाईंचा प्रेमाने मेसेज — "नारळी पुनवेला भेटू गं." तोवर मला पगार नाही. आई विचारतेय, मिक्सर कधी आणायचा.