काउंटरवरचा आवाज

अहो,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी माझ्या ताईबरोबर सोनोग्राफीला जातेय.

काल डबा घेऊन आपल्या औषधांच्या दुकानात आले, तेव्हा तुम्ही काउंटरवर एका बाईंशी बोलत होता, म्हणून मी खोक्यांमागे थांबले. "ताई, नुसत्या गोळ्या खाऊन दुखणं दाबू नका," तुम्ही म्हणत होता. "अंडाशयातल्या बहुतेक गाठी साध्या असतात, आपोआप विरतात. पण ओटीपोट सारखं दुखतंय, फुगल्यासारखं वाटतंय, तर तपासून घ्या. आणि एकदम जोराची कळ आली, उलटी झाली, चक्कर आली, तर तडक हॉस्पिटल गाठा." किती मायेनं सांगत होता!

माझंही पोट असंच दुखतंय, असंच फुगतंय. वर्षभर तुमच्या कानीकपाळी ओरडतेय. मला काय मिळालं? "बायकांचं हे चालायचंच," आणि खिशातून काढलेली एक गोळी. मला वाटायचं, तुम्हाला यातलं काही कळत नाही. ज्याला कळतच नाही त्याच्यावर रागावून काय उपयोग? पण तुम्हाला तर सगळं तोंडपाठ होतं.

डबा खोक्यांवर ठेवून मी परत आले. तो कोणी आणला, हेही तुम्ही विचारलं नाहीत.

उरलेल्या गोळ्या टेबलावर आहेत, दुकानात परत न्या. रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. काय निघालं ते विचारावंसं वाटलं तर विचारा. पण घरातल्या आवाजात नको, त्या काउंटरवरच्या आवाजात विचारा.