देवस्थान: नाही

आई, आपल्या गायरानाच्या अहवालात 'आदिवासींचे देवस्थान: नाही' असं छापून आलंय, म्हणून लिहिते. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि वाचता तुला तेव्हाही येत नव्हतं. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच.

जळकोटजवळच्या आपल्या माळावर आता एक कंपनी झाडं लावणार आहे. पैसा परदेशातल्या हवामान निधीचा. तिकडच्या कारखान्यांनी धूर सोडायचा आणि इकडं पारध्यांनी जागा सोडायची, की झालं आभाळ स्वच्छ! नियम मात्र कडक: आदिवासींना त्यांच्या बोलीत विचारायचं, देवस्थान असेल तर वस्ती हलवायची नाही. म्हणून तीन साहेब गाडीतून उतरले, सोबत आणलेलं पाणी प्यायले आणि तू ज्या गवतात तित्तर धरायचीस, त्याला दोनदा 'पडीक' म्हणाले. दुभाषी म्हणून मला नेलं होतं. निवृत्त मास्तरीण, आपल्यातलीच.

आपली देवी बांधून ठेवलेलं गाठोडं अजून काकाच्या पालात आहे. कॉलेजातून पहिल्यांदा घरी आले तेव्हा ते बाजूला सारून मी पुस्तकं ठेवली होती. तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानंच पाठीत धपाटा घातलास. "बाईनं शिवायचं न्हाय तिला. शिकून अक्कल कुठं सांडलीस?" देवी बाई, आणि बाईनंच शिवायचं नाही! तो राग अजून गेलेला नाही.

त्या दिवशी माळावर एका साहेबानं विचारलं, "देवस्थान कुठं आहे?"

काका आपल्या बोलीत म्हणाला, "आमी जिथं, तिथं देवी. पोलिसांनी हाकललं तरी आधी तिला उचलतो. ह्याचं देऊळ येतं का उठून ह्याच्या मागं? इचार की."

बाया लई हसल्या. साहेबानं पेनचं टोपण काढलं. "काय म्हणतात ते?"

त्या इस्त्रीच्या शर्टासमोर 'गाठोडं' म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणाले, "काही नाही. देवस्थान नाही."

आज धाराशिवच्या कचेरीत दिलं ते असं: हरकतीचा अर्ज एक, पानं दोन. अंगठे एकतीस, सह्या चार, त्यांत एक माझी. शिक्का मारून पोच घेतली. अर्जात लिहिलंय की दुभाष्याकडून चूक झाली. दुभाष्याचं नाव मी लिहिलेलं नाही.