न घासलेली बरणी

सर, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही. शोकसभेत मी तुमच्या शिस्तीबद्दल चांगलं बोलले, लोकांनी माना डोलावल्या. त्या शिस्तीनं माझं काय केलं, ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं.

तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडकीत माझ्या प्रबंधाच्या बारा बरण्या होत्या. पाषाणच्या तलावातून सायकलवर आणलेलं पाणी, त्यात हिरवं शेवाळ, आणि ते खाणाऱ्या पाणपिसवा, डोळ्यांना जेमतेम दिसणारे ठिपके. तुमचं गणित फळ्यावरून कधी पुसलं जात नसे. पिसवा शेवाळ खाऊन वाढणार, शेवाळ संपणार, पिसवा उपाशी मरणार, उरलंसुरलं शेवाळ पुन्हा माजणार; दर फेरीला हेलकावा मोठा, आणि शेवटी सगळ्यांचाच कारभार आटोपणार. अकरा बरण्या तुमच्या आज्ञेत राहिल्या. मेल्या, पुन्हा भरल्या, पुन्हा मेल्या. बारावी मात्र आठ महिने ना हिरवीगार झाली, ना नितळ. खाणारे आणि खाल्ले जाणारे तिच्यात सुखानं नांदत होते. कारण मला दिसत होतं. बरण्या दर शनिवारी आतून घासायच्या, हा तुमचा नियम. कोपऱ्यातली ही एकच राहून जायची. तिच्या काचेला शेवाळाचा थर धरला होता. पिसवांना तो खाता येत नव्हता, आणि त्यातूनच थोडं थोडं शेवाळ पाण्यात सुटत होतं.

मी वही घेऊन आले. तुम्ही ती उघडलीसुद्धा नाहीत. बरणी उजेडात धरलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "अहो बाई, प्रयोग चाललाय की लोणचं मुरत घातलंय?"

सगळे हसले. मी म्हणाले, "सर, त्या थरामुळेच टिकलंय ते."

"थराला आपल्याकडे घाण म्हणतात. घासा."

मी घासली. पाचव्या आठवड्यात पाणी नितळ झालं आणि तळाशी मेलेल्या पिसवांचा करडा गाळ बसला. माझ्या प्रबंधात बाराही बरण्या गुणी आहेत. भक्ष्याला लपायला जागा असली की हेलकावे निवतात, हे पुढे मी एका परदेशी पुस्तकात वाचलं. ते पान तुम्हाला दाखवायला आणलं, तर तुम्ही "असेल" म्हणालात आणि चहा मागवलात. तो चहा मी प्यायले, याचाही राग येतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. "घासा" म्हणून तुम्ही निघून गेला होतात, कुणी पहाऱ्यावर नव्हतं. ती बरणी पिशवीत घालून मी कर्वेनगरला घरी नेऊ शकले असते. आई एका शब्दानं बोलली नसती. मी काथ्या घेतला आणि काच लख्ख केली. सोमवारी तुम्ही ती पाहिलीत आणि "शाब्बास" म्हणालात, चार वर्षांत एकदाच. त्या दिवशी, सर, मी सायकलवर घरापर्यंत गात गेले.